ती व्यक्ती

मराठीत प्रेम लपवायला फार कमी जागा आहे. कर्ता दडवता येतो, नाव गिळता येतं, पण वाक्याच्या शेवटी क्रियापद उभंच असतं. 'आला' की 'आली', 'रुसला' की 'रुसली'. कुणी साधं विचारावं, "एवढा वेळ कुणाशी बोलत होतास रे?" आणि आपण उत्तराला तोंड उघडावं, की तिसऱ्या-चौथ्या शब्दाला आपली चुगली झालेली असते.

यावरचा तोडगा मला टी. वाय.ला असताना सापडला. 'व्यक्ती'. बाई असो की बुवा, व्यक्ती कायम स्त्रीलिंगी. "एक व्यक्ती आहे. पुण्यातलीच आहे. नोकरी करते." यात एक अक्षर खोटं नाही, आणि ऐकणारा त्याला हवं ते समजून घ्यायला मोकळा. आठवीच्या चाचणीत मी 'व्यक्ती – पुल्लिंग' लिहून अर्धा गुण घालवला होता. तो असा व्याजासकट वसूल झाला.

आमच्या खोलीत कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही, तालुक्यानं मारतात. मी बार्शी. माझ्यासमोरच्या कॉटवर उदगीर, दाराशी जत. नारायण पेठेतला जुना वाडा, दुसरा मजला, लाकडी जिना, आणि पाण्याची वेळ सकाळी सहा ते साडेसात. कॉलेजातल्या दोन मुली आमच्यात असतात, त्यांचीही नावं अशीच पडली: चिपळूण आणि अकोले. दोघी प्राणिशास्त्राच्या. माझ्या खात्यावर दीड वर्षं 'व्यक्ती' होती. "आज व्यक्ती काय म्हणते?" "व्यक्तीला डबा नेऊन दे की." उदगीरनं तर एकदा तिळगूळ बाजूला काढून ठेवला होता, व्यक्तीसाठी म्हणून.

आणि याच खोलीत महिन्यातून दोन-तीनदा माझा एक मित्र यायचा. मूळ पुण्याचाच, त्यामुळे त्याला तालुका नव्हता. हिंजवडीत नोकरी, म्हणून तो झाला हिंजवडी. जिना चढताना दर वेळी पाचव्या पायरीवर डोकं आपटून घ्यायचा. उदगीरच्या हातची अंडाभुर्जी त्याला आवडायची. जतच्या एमपीएससीच्या पुस्तकांतून त्यालाच प्रश्न विचारायचा. व्यक्ती आणि हिंजवडी ही खोलीच्या लेखी दोन वेगळी माणसं होती. एकाच वेळी दोघांची चौकशी व्हायची आणि मी दोघांची वेगवेगळी उत्तरं द्यायचो. सांख्यिकीचा विद्यार्थी आहे, दोन चलं वेगळी ठेवायची सवय होती.

बार्शीत असताना माझ्यासारख्याला जे शब्द होते ते इथं लिहीत नाही, कुठल्याही गावातल्या वाचकाला ते पाठ असतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ बद्दलचा निकाल आला, तेव्हा मी दहावीत होतो. पाच न्यायमूर्ती, एकमत. दोन सज्ञान माणसांनी आपखुशीनं एकमेकांजवळ येणं हा गुन्हा नाही, हे सांगायला १८६० च्या दंडसंहितेनंतर इतकी वर्षं लागली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर वाचला, ते पान आत जाईल अशी घडी घातली, त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "या लोकांना दुसरी कामं नाहीत का." बाबा बाजार समितीत मुनीम आहेत. कमी बोलतात आणि हिशेबात चूक करत नाहीत. 'या लोकांना' म्हणजे न्यायमूर्तींना की आम्हाला, हे मी अजून विचारलेलं नाही. मी दुपारी ते पान काढून भूगोलाच्या वहीत ठेवलं.

पुण्यात आल्यावर 'समलिंगी' हा शब्द शिवीच्या सुराशिवाय मराठीत वाचला, तो बिंदुमाधव खिरे यांच्या लिखाणात. त्यांनी पुण्यात समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट ही संस्था काढली ते साल २००२, माझ्या जन्माच्या आदलं. म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून इथे कुणीतरी माझ्यासाठी फोन उचलायला बसलं होतं आणि मला त्याचा पत्ता लागायला एकोणीस वर्षं गेली.

तो भेटला २०२३ च्या पावसाळ्यात. कसा भेटलो ते सगळेच भेटतात तसं, फोनवरच्या ॲपमधून, तीन दिवस एकमेकांना अर्धाच चेहरा दाखवून. ती गोष्ट काही विशेष नाही. विशेष आहे तो त्याच वर्षीचा १७ ऑक्टोबर.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या हक्काबद्दलचा निकाल होता आणि कामकाज थेट दिसत होतं. तो ऑफिस बुडवून आला. टिळक रस्त्याच्या एका चहाच्या दुकानात मागच्या बाकावर बसून एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. लग्न हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचांचंही एकमत झालं. मग निदान एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना काहीतरी नागरी मान्यता, तर तिथं तीन विरुद्ध दोन, आणि आम्ही दोनाच्या बाजूला. मी इअरफोन काढला. त्यानंही काढला, वायर नीट गुंडाळली, आणि म्हणाला, "चला. म्हणजे आता घरी सांगायचा प्रश्नच मिटला."

तो हे हळहळून म्हणाला असं मी स्वतःला पुढचे चौदा महिने सांगत राहिलो. तसं नव्हतं. पेपर पुढे ढकलला गेल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं. मी ते पाहिलं होतं. दुसरा चहा मागवला.

९ जानेवारी २०२५ ला त्या निकालावरच्या पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. तीन दिवसांनी, रविवारी सकाळी, त्यानं मला पोहे खायला बोलावलं. गाडीवरचे पोहे, वर शेव, लिंबाची फोड. अर्धी प्लेट संपल्यावर म्हणाला, "आज संध्याकाळी कार्यक्रम आहे. मुलगी बघायला जायचंय. आईनं ठरवलंय." पोहे खाताना पोह्यांचीच बातमी द्यायची, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "आणि तू?" तो म्हणाला, "मी काय." एवढंच. हे उत्तर आहे की प्रश्न, हेही त्याच्या स्वरावरून कळेना.

मी भांडलो नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी विचारलं ते भलतंच: "तिला सांगणार आहेस?" त्यानं प्लेट खाली ठेवली. "काय सांगू? लग्नानंतर सगळं होतं नीट." त्याच्यावरचा माझा राग पुढे हळूहळू ओसरला, पण त्या वाक्यावरचा ओसरला नाही. त्या संध्याकाळी कुठल्याशा घरात एक मुलगी साडी नेसून ट्रे घेऊन बाहेर येणार होती आणि तिच्या आयुष्याचा निम्मा हिशेब आम्ही दोघांनी गाडीवर उभ्याउभ्या तिच्यापासून लपवला होता. मी आणि ती एकाच माणसाकडून फसणार होतो. फरक इतकाच, की तिला कांदेपोहे करावे लागणार होते.

उदगीरच्या वर्गातल्या एका पोराचं मागच्या वर्षी तुटलं होतं, तेव्हा खोलीत काय सोहळा झाला होता! बिर्याणी आली. तीन रात्री जागल्या. त्या मुलीला नाही नाही ते बोलून झालं, मग तिची बाजू घेऊन झाली, मग पुन्हा बोलून झालं. चौथ्या दिवशी तो उठला, दाढी केली आणि प्रॅक्टिकलला गेला. दुःखाचीही एक रीत असते, सुतकासारखी. दहा दिवस पाळायचं, मग गोडाचं जेवण.

माझ्याबाबतीत उदगीरनं रीत सोडली नाही. व्यक्तीनं सोडलं एवढं मी सांगितलं होतं. तो सुरू झाला. "असल्या पोरी, बार्शी, नोकरी लागली की नोकरीवाला बघत्यात." "आई-बापाचं ऐकलं असंल बिचारीनं." एकेक वाक्य प्रेमानं यायचं आणि माझ्या कानाजवळून शेजारच्या भिंतीवर जायचं. पत्ता चुकलेलं पत्र पोस्टमन रोज आणून देतो आणि आपण ते रोज घेतो, तसं. त्या पोरीला शिव्या बसत होत्या जी नव्हतीच. मी "हं" म्हणायचो. मेसचा डबा तसाच परत जायचा.

आठवड्यानं उदगीर घाबरला. आणि घाबरून त्यानं जे करायला हवं तेच केलं: माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला फोन लावला.

हिंजवडी आला. संध्याकाळी साडेआठला, हातात बिर्याणीची पिशवी. पाचव्या पायरीवर डोकं आपटल्याचा आवाज आला तेव्हाच मला कळलं. उदगीर त्याला दारात गाठून हलक्या आवाजात सांगत होता, "तू बोल रं याच्याशी. तुझं ऐकतो. व्यक्तीनं लई वाईट केलं." मग तो माझ्या कॉटच्या कडेला बसला. उदगीर समोर, जत पुस्तकात तोंड घालून पण कान इकडे. आणि त्यानं, ज्यानं सोडलं त्यानं, सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "होईल रे सगळं नीट. तिचाही काहीतरी नाइलाज असेल."

तिचाही.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरलेले होते, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण तो शब्द माझा होता. दीड वर्ष मी एकट्यानं सांभाळलेली ती आडोशाची जागा त्यानं एका वाक्यात वापरली आणि तिच्यामागे लपला. वीस मिनिटं बसून तो गेला. बिर्याणी आम्ही तिघांनी खाल्ली. मी सुद्धा खाल्ली. उदगीर खूश झाला: "बघ, म्हनलो नव्हतो? मित्र पायजे."

होळीच्या सुट्टीत वेळासला जायचं डिसेंबरातच ठरलं होतं. सहा जण, माणशी पंधराशे आगाऊ, उदगीरच्या मामाची जुनी बोलेरो. हिंजवडीनं जानेवारीत कळवलं, ऑफिसचं काम निघालंय, जमणार नाही. उदगीर हळहळला. त्याच्या हिशेबाच्या वहीत सहावं नाव तसंच राहिलं आणि पुढे '१५०० जमा'.

१३ मार्चला पहाटे निघालो. ताम्हिणीत पावसाळ्यात जिथे पोरं उघडी होऊन नाचतात तिथे मार्चमध्ये नुसता तापलेला काळा कातळ आणि वर पळस. मधल्या बाकावर तिघांची जागा, बसलो दोघं. अकोलेनं तिथे पाण्याची कॅन ठेवली आणि वळणावर ती कॅन माझ्या अंगावर यायची. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत बागमांडल्याला पोचलो. तिथून सावित्रीची खाडी ओलांडायची. गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, लोक तिला जंगलजेटी म्हणतात. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी, समोर बाणकोटचा किल्ला. बोलेरो बोटीवर चढली आणि आम्ही कठड्याला जाऊन उभे राहिलो. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. चिपळूण माझ्याशेजारी येऊन म्हणाली, "तुला काही बोलायचं असेल तर बोल. नसेल तर मी वडापाव आणते." मी म्हटलं, "वडापाव."

तिचं आजोळ मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीत आहे. होळीची रात्र तिथे काढून पुढे वेळासला जायचं होतं. शिमग्याला कोकणातलं रिकामं घरही भरतं. मुंबईकर आलेले, पडवीत चपलांचा ढीग, आत पुरणाचा वास. आजींनी आम्हा पाचांना ओळीत बसवून वाढलं आणि प्रत्येकाला गाव विचारलं. बार्शी ऐकून म्हणाल्या, "लांब गो बाय! समुद्र तरी बघितलास का कधी?" पाहिला होता, एकदाच, त्याच्याबरोबर, अलिबागला. मी म्हटलं, "नाही आजी."

रात्री सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, सगळी वाडी जमली. ढोल, पालखी, मध्ये होम रचलेला. पेटवायच्या आधी एका म्हाताऱ्या बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाला नवस असतो, आरती असते. हे असं समोरासमोर तक्रार केल्यासारखं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गावात राहिलेल्यांचं झालं, मुंबईला गेलेल्यांचं झालं, गुराढोरांचं झालं, आंब्याच्या मोहोराचं झालं. प्रत्येकाला जमाव एका दमात, "व्हय म्हाराजा!" मग बाबा थोडे थांबले आणि म्हणाले, "आनि कुनाच्या मनात काय आसंल, तुझ्या कानावर घातलंन नसंल, तर त्याचंबी तूच बघ रे म्हाराजा."

मी देवाचं फारसं करत नाही. भगवंताच्या देवळात आईसोबत एकादशीला जातो, ते आईसाठी. पण त्या वाक्याला माझ्या तोंडून "व्हय म्हाराजा" जरा मोठ्यानंच निघालं असावं, कारण चिपळूणनं वळून पाहिलं.

होम पेटला आणि पोरांनी बोंब सुरू केली. ज्यांनी होळीला बोंब मारलेली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. पालथा हात तोंडावर आपटायचा आणि पोटातून ओरडायचं. वर्षभर ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याच्या नावानं आज उघड ओरडायची मुभा. कुणी मास्तरांच्या नावानं, कुणी वीज मंडळाच्या, कुणी उधारी बुडवणाऱ्या भावकीच्या. उदगीरनं दोन बोंबा मारून घसा मोकळा केला आणि माझ्या पाठीत थाप घातली. "बार्शी! मार की व्यक्तीच्या नावानं! नाव तरी सांग रं आज. दीड वर्षं झाली, नाव सांगिना तू तिचं."

मी नाव घेतलं.

ते इथं लिहीत नाही. ढोल चालू होता, धूर आमच्याकडेच येत होता, आणि मी जे ओरडलो ते उदगीरला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं. तो जवळ आला. "काय?" मी पुन्हा घेतलं. तो हसला. "आरं ते हिंजवडीचं नाव हाय." मी म्हटलं, "हो."

ढोलाच्या तीन-चार थापा जातील इतका वेळ तो तसाच तोंड उघडं टाकून उभा. त्याच्या डोक्यात दोन खाती एक होताना मला दिसत होती: तिळगूळ, भुर्जी, फोन, कॉटच्या कडेला बसलेला तो, 'तिचाही काहीतरी नाइलाज असेल'. मग त्याचा चेहरा असा काही बदलला की मी मागे सरलो. "म्हंजी तवा," तो म्हणाला, "तवा मीच त्याला फोन करून बोलावला?"

"हो."

"आन् त्यो आला? बिर्याणी घिऊन?"

मग त्यानं हात तोंडावर नेला आणि त्याचं नाव घेऊन अशी बोंब मारली की बाजूचे मुंबईकर दचकले. उदगीरचा आवाज मुळात मोठा. शेजारच्या पाच-सात पोरांना वाटलं हे आजचं नवीन नाव. त्यांनीही ते उचललं. अनोळखी वाडीतली, दात पडलेली, तोंडाला राख फासलेली पोरं माझ्या माणसाच्या नावानं बोंबलत होमाभोवती धावायला लागली. ज्याचं नाव मी दीड वर्षात कुणासमोर 'माझा' म्हणून उच्चारलं नव्हतं, ते ढोलाच्या तालावर चाललं होतं. मला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. अकोले पाण्याची बाटली घेऊन आली, काही न विचारता.

चिपळूणला माहीत होतं. नंतर पडवीच्या पायरीवर म्हणाली, "तू 'ती व्यक्ती' म्हणायचास ना, तेव्हा क्रियापदाच्या आधी जरा थांबायचास. मुलीबद्दल बोलताना कुणी थांबत नाही." इतकी वर्षं मला वाटत होतं माझं व्याकरण चोख आहे.

सगळं असंच गोड झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता, मला संशय आला असता. त्या रात्री आम्हा तिघांची अंथरुणं माडीवर एका रांगेत होती. दिवा घालवायच्या आधी जत उठला, चादर-उशी उचलली आणि "इथं लई उकडतंय" म्हणून खाली गाडीत झोपायला गेला. माडीवर वारं होतं. उदगीर जागा होता, मीही. दोघं काही बोललो नाही. बऱ्याच वेळानं अंधारात उदगीर म्हणाला, "त्यानं माझी चप्पल घालून नेली होती त्या दिवशी. नवी होती. आजून आणून दिली नाही, हरामखोरानं." दोन महिन्यांत मला पहिल्यांदा सांत्वन मिळालं ते हे.

धुळवडीचा दिवस रंगात आणि झोपेत गेला. पंधराला दुपारी वेळास. नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता तिथे नानांसाठी कुणी येत नाही, कासवांसाठी येतात. समुद्रकाठावर ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन वाळूत खड्डा करतात, शंभरेक अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत जातात. पूर्वी ती अंडी कोल्ही खायची, माणसं विकायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावाला हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपणात, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतात, वर टोपली पालथी घालतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात. रोज सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघायचं.

शनिवारी संध्याकाळी शंभरभर माणसं दोरीपलीकडे फोन धरून उभी. एकेक टोपली उचलली. वाळू. दुसरी, वाळू. शेवटची, वाळू. लोक चडफडत चहाला गेले. एक काका, "पाच तास ड्रायव्हिंग करून आलोय हो," असं त्या कार्यकर्त्या पोराला सांगत होते, जणू आतली पिल्लं त्याच्या खिशात आहेत.

चिपळूण आम्हाला समजावत बसली. अंड्यातून नर निघणार की मादी, हे आधी ठरलेलं नसतं. वाळू किती तापते त्यावर ठरतं. ऊब जास्त तर माद्या, कमी तर नर. दोन दिवस माझ्याशी न बोललेला जत यावर एकदम म्हणाला, "आणि तापमान मधलंच असलं तर?"

"मग काही नर, काही माद्या."

"म्हणजे मधलं काही…"

"नाही. आणि हा विषय वेगळा आहे, जत," चिपळूण म्हणाली.

जत वाळूत रेघा ओढत बसला. मला राग यायला हवा होता. पण तो प्रश्न त्यानं दोन दिवस तोंडात घोळवला असणार हे दिसत होतं, आणि एमपीएससीवाल्याची पद्धत ती, आधी विषय सामान्य विज्ञानात बसवून बघायचा. मी म्हटलं, "बार्शीत सरसकट चाळीसच्या वर जातं, माझं काय ते ठरवून सांग." उदगीर खो खो हसला. जत हसला नाही, पण रेघा थांबल्या. त्या रात्री तो आमच्याच खोलीत झोपला, भिंतीकडे तोंड करून. या गोष्टीला आता काही महिने झाले. आम्ही अजून एका खोलीत राहतो, तो माझ्या डब्यातली चटणी घेतो, आणि गाडीत झोपल्या रात्रीबद्दल आमच्यात शब्द झालेला नाही.

रविवारी सकाळी एका टोपलीखाली दोन निघाली. दोनच. तळहाताएवढीही नाहीत, राखाडी. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडली. एक सरळ गेलं. दुसरं मध्येच थांबलं, उलट्या दिशेला वळलं, एका मुलीच्या बुटाकडे निघालं, मग कुणीतरी "हलू नका, हलू नका" ओरडलं. मी बघितलं, तेवढ्यात लाट आली आणि काही दिसेना. अकोलेचा व्हिडिओ अडीच मिनिटांचा आहे, त्यातली दोन मिनिटं वाळू आणि उदगीरचा आवाज.

परतताना ताम्हिणीच्या अलीकडे एका टपरीवर उदगीरनं वही काढली. डिझेल, जंगलजेटी, जेवण, खोली, सगळ्याला पाचानं भागलं. सहाव्या नावापुढचे पंधराशे तसेच. "हे द्यायचे नाहीत," त्यानं जाहीर केलं. "दंड. आन् माझी चप्पल." चिपळूण म्हणाली, "दे रे पाठवून. कशाला त्याचं काही ठेवायचं." मी फोन काढला. पैसे पाठवताना स्क्रीनवर त्याचं बँकेतलं नाव आलं. पूर्ण नाव, मध्ये वडिलांचं. मी ते असं सलग कधी वाचलं नव्हतं. 'कशासाठी' या चौकटीत लिहिलं, 'वेळास'.

चहा यायच्या आत त्याचा मेसेज आला. उदगीर काचेचा ग्लास घेऊन माझ्या खांद्यावरून डोकावत होता.

"काय म्हणतेय व्यक्ती?"

"विचारतोय, कासवं दिसली का."

उदगीरनं चहाचा घोट घेतला. "सांग त्याला, दोन दिसली. आन् चप्पल आठ नंबरची होती." मग बिस्किटाचा पुडा फोडून आधी जतपुढे धरला, मग माझ्यापुढे.